हाताला काम दिलं की

कोपर टेबलावर टेकवा, हात उभा धरा आणि मनगट सैल सोडून पुढे पडू द्या. बोटं आपोआप उघडतील. आता बोटांकडे अजिबात लक्ष न देता फक्त मनगट मागे उचला. बोटं हळूहळू मिटू लागतात आणि अंगठा तर्जनीच्या कडेला येऊन टेकतो. मिटा असं तुम्ही बोटांना सांगितलेलं नव्हतं.

बोटं वाकवणारे मुख्य स्नायू बोटांत नसतात. ते असतात कोपर आणि मनगट यांच्या मधल्या मांसल भागात. तिथून त्यांच्या लांबलचक कंडरा मनगट ओलांडून बोटांच्या हाडांपर्यंत जातात. कळसूत्री बाहुलीच्या दोऱ्याच म्हणा. मनगट मागे गेलं की या दोऱ्यांना जास्त अंतर कापावं लागतं, त्या ताणल्या जातात आणि बोटं ओढली जातात. एवढीच ही यंत्रणा आहे, पण तिच्यावर काही माणसांचं अख्खं आयुष्य उभं असतं.

समजा, एक तरुण विहिरीत सूर मारताना डोक्यावर आपटला आणि त्याच्या मानेतल्या मज्जारज्जूला इजा झाली. सहाव्या पातळीपर्यंतच्या नसा शाबूत राहिल्या, त्याखालचं सगळं बंद. त्याला पाय हलवता येत नाहीत आणि एकही बोट हलवता येत नाही. मनगट मागे उचलण्याची ताकद मात्र शिल्लक आहे. घरचे लोक मायेने रोज त्याची बोटं ताणून सरळ करत असतात. अशा वेळी कुणीतरी येऊन त्याच्या आईला सांगतं, “मावशी, मनगट मागे असताना बोटं अशी ओढू नका. ती थोडी आखडलेली राहू द्या, आपल्याला त्यांचा उपयोग करायचाय.” काही महिन्यांनी तो तरुण मनगट उचलतो, न हलणारी बोटं पेल्याभोवती मिटतात आणि तो स्वतःच्या हाताने पाणी पितो. मनगट खाली सोडलं की पेला सुटतो. बोटांच्या स्नायूंचा आखूडपणा एरवी व्यंग समजला गेला असता. इथे तो कुणीतरी जाणून-बुजून जपला.

आईला हे सांगणारी व्यक्ती म्हणजे ऑक्युपेशनल थेरपिस्ट. बारावी विज्ञान शाखेतल्या मुलामुलींच्या घरी सध्या ज्या करिअरांची चर्चा चालते, त्यांत हे नाव क्वचितच निघतं. मला ते फार खटकतं. शरीर, मन, घर आणि रोजचं जगणं इतक्या जवळून एकत्र पाहायला लावणारं दुसरं शिक्षण मला माहीत नाही.

आजार, अपघात, जन्मापासूनची अडचण किंवा वाढतं वय यांमुळे माणसाची रोजची कामं अडतात. अंघोळ, जेवण, साडी नेसणं, लिहिणं, स्वयंपाक, नोकरी, खेळ, कुठलंही काम अडू शकतं. ते पुन्हा करता यावं म्हणून कधी शरीराला नव्याने शिकवायचं, कधी कामाची रीत बदलायची, तर कधी चमचा किंवा उंबरठाच बदलायचा, हा या पेशाचा विषय. फिजिओथेरपीशी त्याची जवळची भावकी आहे. दोघेही एकाच वॉर्डात एकाच रुग्णासाठी राबतात आणि त्यांची बरीच कामं एकमेकांत मिसळलेली असतात. फरक ढोबळपणे सांगायचा तर फिजिओथेरपिस्टचं लक्ष मुख्यतः हालचालीवर, ताकदीवर आणि वेदनेवर असतं. ऑक्युपेशनल थेरपिस्ट सुरुवातीलाच विचारते, या हाताने तुम्हाला काय करायचंय?

या पेशाची सुरुवात अमेरिकेत झाली आणि ती करणाऱ्यांत एक रुग्णही होता. जॉर्ज बार्टन हा वास्तुविशारद. क्षयाने पिडलेला, पायाची बोटं कापावी लागलेली आणि पुढे शरीराची डावी बाजू लुळी पडलेली. सुतारकाम आणि बागकाम करत करत तो सावरला. मार्च १९१७ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या क्लिफ्टन स्प्रिंग्ज इथल्या त्याच्या घरी काही मंडळी जमली. विल्यम रश डंटन हे मनोविकारतज्ज्ञ आणि मनोरुग्णांना दिनचर्येची घडी बसवून देण्याच्या कामासाठी पुढे नावाजलेल्या एलिनॉर क्लार्क स्लॅगल त्यांत होत्या. तिथे या पेशाची पहिली संघटना स्थापन झाली. पहिल्या महायुद्धातून जखमी सैनिक परतू लागले आणि काही महिन्यांतच या नव्या विद्येची गरज सगळ्यांना दिसली.

भारतात ती आली मुंबईच्या परळमधून. एलिझाबेथ लंडी या क्वेकर घरातल्या अमेरिकन मुलीने विष्णू निंबकरांशी लग्न केलं, ती भारतात आली आणि कमला निंबकर झाली. चाळिशी ओलांडल्यावर त्यांनी अमेरिकेत जाऊन ऑक्युपेशनल थेरपीचं शिक्षण घेतलं आणि १९५० मध्ये केईएम रुग्णालयात देशातलं पहिलं प्रशिक्षण विद्यालय सुरू केलं. १९५२ मध्ये अखिल भारतीय संघटना उभी राहिली. त्याच वर्षी जागतिक महासंघ स्थापन झाला आणि त्याच्या दहा संस्थापक देशांत भारत होता. फलटणचं कमला निंबकर बालभवन अनेक वाचकांना शाळा म्हणून ठाऊक असेल. ज्यांचं नाव त्या शाळेला दिलंय त्या याच कमलाबाई. नागपूरच्या विद्यालयाची उभारणीही त्यांचीच. पेशा नवा, देश नुकताच स्वतंत्र झालेला, आणि परळच्या त्या इमारतीत कमलाबाई मुलींना वीणकाम आणि शरीररचनाशास्त्र एकाच वेळापत्रकात शिकवण्याची व्यवस्था करत होत्या. मला हे धाडस वाटतं.

वीणकाम कशासाठी, असं आजच्या विद्यार्थ्याला वाटेल. त्याचं उत्तर पुढे प्रयोगांतून मिळत गेलं, आणि ते चकित करणारं आहे.

१९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सेरेब्रल पाल्सी असलेली, शरीराची एक बाजू अधू असलेली लहान मुलं होती. त्यांना कोपरापासून पुढचा हात आतबाहेर फिरवायचा होता. आधी नुसतं सांगितलं, “जमेल तितका हात फिरव.” मग त्याच हालचालीने वाजवता येतील असे ढोल समोर ठेवले आणि सांगितलं, “वाजव.” हात तोच, स्नायू तेच, मेंदूतली इजा तीच. ढोल वाजवताना मात्र हात जास्त फिरला. नुसत्या हुकमाला शरीराने जे दिलं नव्हतं ते ढोलासाठी दिलं.

दुसरं काम माकडांवरचं. रँडॉल्फ नुडो आणि सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये दाखवलं की मेंदूत हाताच्या हालचाली सांभाळणाऱ्या भागाला इजा झाल्यावर माकडांकडून छोट्या खळग्यांतून खाद्याच्या गोळ्या काढण्याचा सराव करून घेतला, तर उरलेला हाताचा प्रदेश टिकतो, काही माकडांत तो विस्तारतोही. सराव नसेल तर तो आक्रसत जातो. पुढच्या प्रयोगात त्यांच्या गटाने निरोगी माकडांना मोठ्या, सोप्या खळग्यातून गोळ्या काढायला लावल्या. हालचाल असंख्य वेळा झाली, पण नवं कौशल्य शिकण्यासारखं तिच्यात काही नव्हतं. मेंदूचा नकाशा होता तसाच राहिला. तो बदलण्यासाठी हालचालीत काही शिकायचं असावं लागतं, कष्टाने कमवायचं असावं लागतं.

धावता धोटा, पायाखालची पट्टी आणि समोर तयार होणारं कापड यांत हे सगळं आहे. भाकरीतही आहे.

ऑक्युपेशनल थेरपीच्या विद्यार्थ्याला सगळ्यात आधी जी विद्या शिकवतात ती म्हणजे कुठलंही काम सुटं करून पाहणं. पुस्तकांत उदाहरणं असतात शर्टाच्या गुंड्यांची आणि सँडविचची. मी म्हणेन, आपल्याकडच्या विद्यार्थ्याने वही घेऊन ज्वारीची भाकरी करणाऱ्या बाईजवळ बसावं आणि जे जे दिसेल ते लिहावं.

गव्हाच्या पिठाला चिकटपणा असतो, ज्वारीच्या नसतो. म्हणून आधणाचं पाणी लागतं, त्या उष्णतेने पिठातला स्टार्च फुलतो आणि पीठ एकमेकांना धरतं. म्हणजे पहिल्याच पायरीला जवळच उकळतं पाणी आहे, आणि ते किती गरम हवं, किती ओतायचं हा निर्णय आहे. मग परातीत तळहाताच्या टाचेने पीठ रगडायचं. खांद्याचा भार कोपरातून मनगटात आणि मनगटातून पिठात उतरतो. पाठ पुढे झुकते, आणि बाई खाली बसली असेल तर एक गुडघा वर असतो. गोळा वळताना दोन्ही तळवे एकमेकांवर फिरतात. थापताना मात्र दोन हात दोन वेगळी कामं करू लागतात. एक हात बोटं जोडून, सरळ ठेवून थापतो, दुसरा कडा सांभाळतो, आणि या दोघांच्या मधे भाकरी गोल फिरत राहते. जाडी डोळ्यांना दिसत नाही, ती बोटांच्या टोकांना कळते. खाली पिठी कमी पडली तर भाकरी फिरायची थांबते आणि हाताला ते डोक्याआधी समजतं. मग ती अखंड उचलून तव्यावर टाकायची, वरून पाणी फिरवायचं. उशीर झाला तर पाणी पसरत नाही, आणि बोटं तव्याच्या धगीत. पाणी सुकायला लागलं की उलटायची. शेवटी थेट निखाऱ्यावर किंवा जाळावर, आणि फुगली की काढायची. तोपर्यंत पुढचा गोळा परातीत तयार हवा. स्पर्श, तोल, दोन हातांचा मेळ, क्रम, वेळेचं भान, धोक्याची जाणीव, लक्ष विभागून ठेवणं, आणि या सगळ्यात बाई शेजारणीशी बोलत असते.

हे लिहून काढलं की एकेका आजाराकडे त्या कागदातून पाहता येतं. अर्धांगवायूनंतर हात अनेकदा मुठीत आवळलेला राहतो, त्याला पसरलेला तळवा आणि वरून येणारा भार हवा असतो. थापण्यात तेच आहे. पण पहिल्या दिवशी थापायला सांगायचं नाही. आधी त्या हाताने फक्त परात धरून ठेवायची, दुसरा हात पीठ मळेल. मग गोळा दाबायचा, मग थापायचं, आणि तवा सगळ्यात शेवटी. संधिवातात बोटांच्या मुळाचे सांधे सैलावतात आणि बोटं करंगळीच्या बाजूला कलत जातात. तिथे मळण्याचा जोर दुसऱ्या कुणाकडे द्यायचा आणि थापणं स्वतःकडे ठेवायचं, अशी वाटणी करता येते. पार्किन्सनच्या रुग्णांना लयीच्या आवाजाने चालायला मदत होते, हे तपासलं गेलेलं आहे. थापण्याच्या ठेक्यातूनही तसा आधार मिळतो का, हे थेरपिस्ट समोरच्या बाईंना पाहून ठरवेल. कुष्ठरोगाने नसा गेल्या असतील तर हाताला चटका कळतच नाही. भाजलं हे जखम दिसल्यावर समजतं. तिथे लांब दांड्याचा चिमटा, लाकडी मुठीचा तवा, आणि हातांकडे सतत पाहत राहण्याची सवय शिकवायची. खोल नैराश्यात बुडालेल्या माणसासाठी याच भाकरीचा वेगळा उपयोग आहे. तिला सुरुवात आहे, शेवट आहे, आणि ती झाली की कुणीतरी खातं.

बाबा आमटे यांनी १९४९ मध्ये महारोगी सेवा समिती स्थापन केली आणि वरोऱ्याजवळ आनंदवन उभं राहिलं. बोटं झडलेल्या माणसांनी तिथे विहिरी खणल्या, शेती केली, माग चालवले. ते काही ऑक्युपेशनल थेरपीचं केंद्र म्हणून उभारलेलं नव्हतं. तरी या विषयाच्या प्रत्येक विद्यार्थ्याने एकदा तिथे जाऊन यावं असं मला मनापासून वाटतं.

काम सुटं करून पाहण्याची सवय लागली की रुग्णाचं ताटही बोलू लागतं. मेंदूच्या उजव्या भागात मोठा झटका आल्यावर काही रुग्णांना डावीकडचं जग नाहीसं होतं. डोळे चांगले असतात, डावीकडून आलेला प्रकाश आत पोचतो, पण लक्ष तिकडे जात नाही. असा माणूस अर्ध्याच चेहऱ्याची दाढी करतो, सदऱ्याची एकच बाही घालतो. मराठी पद्धतीने वाढलेल्या पानात मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर डावीकडे असते आणि भाजी, आमटी उजवीकडे. अशा आजोबांच्या पानातली भाजी संपते, चटणी-कोशिंबीर जशीच्या तशी राहते. घरच्यांना वाटतं, आता तिखट सोसत नसेल. थेरपिस्ट काही न बोलता ताट अर्धं फिरवते आणि आजोबा म्हणतात, “अरे, चटणी कधी वाढलीत?”

हा प्रकार किती खोल जातो ते एदोआर्दो बिसियाक आणि क्लाउदिओ लुझ्झात्ती यांनी १९७८ मध्ये मिलान शहरात दाखवलं. अशा रुग्णांना त्यांनी सांगितलं, डोळ्यांपुढे आपल्या गावचा कॅथेड्रलचा चौक आणा. तुम्ही चौकाच्या एका टोकाला कॅथेड्रलकडे तोंड करून उभे आहात. काय काय दिसतं? रुग्णांनी मुख्यतः उजव्या बाजूच्या इमारती सांगितल्या. मग म्हणाले, आता कॅथेड्रलच्या पायऱ्यांवर उभे राहा आणि उलट दिशेला पाहा. आता आधी वगळलेल्या इमारती आठवल्या, कारण त्या उजवीकडे आल्या होत्या, आणि मघाशी सांगितलेल्या गळाल्या. आठवणीतल्या चौकालाही डावी बाजू उरली नव्हती. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून कितीतरी वेळ बसून होतो. असा माणूस घरी परतणार, त्याला रस्ता ओलांडायचा आहे, गॅस बंद करायचा आहे, आणि आपलं काही हरवलंय हे त्याचं त्यालाच अनेकदा पटत नाही. त्याच्यासोबत रस्त्यावर, स्वयंपाकघरात उभं राहणं हे थेरपिस्टचं काम आहे.

यासाठी तयारी काय करायची? कागदोपत्री वाट सरळ आहे. बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि जीवशास्त्र, मग नीट, मग राज्याची प्रवेशप्रक्रिया. महाराष्ट्रात पदवीला बी.ओ.टीएच. म्हणतात. मुंबईत केईएम, नायर आणि सायन रुग्णालयांशी जोडलेल्या महाविद्यालयांत आणि नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात ती शिकवली जाते, काही खासगी संस्थांतही. वर्षानुवर्षं हा अभ्यासक्रम चार वर्षं आणि वर सहा महिने इंटर्नशिप असा राहिला आहे. २०२१ मध्ये संलग्न आरोग्य व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा झाल्यापासून या क्षेत्राचे नियम नव्याने घडताहेत, म्हणून प्रवेशाच्या वर्षीची माहितीपुस्तिका नीट वाचावी. जागतिक महासंघाच्या किमान मानकांनुसार विद्यार्थ्याला निदान १००० तास प्रत्यक्ष रुग्णांसोबतचं प्रशिक्षण मिळायला हवं. महाविद्यालय निवडताना ते कुठे आणि कोणाच्या देखरेखीखाली होतं, हे विचारायला संकोचू नये. परदेशी जायचं मनात असेल तर आधीच चौकशी करावी. अमेरिकेत या पेशात शिरण्यासाठी पदव्युत्तर पदवी आणि राष्ट्रीय परीक्षा लागते.

विषयांच्या यादीत शरीररचना, शरीरक्रिया, मानसशास्त्र, समाजशास्त्र, मेंदूविकार, अस्थिरोग, बालरोग, मनोविकार हे सगळं आहे. विद्यार्थी घाबरतात ते शरीररचनाशास्त्राला, विशेषतः हाताला. एका हातात २७ हाडं असतात. दोन हात मिळून ५४, म्हणजे शरीरातल्या २०६ हाडांपैकी चौथ्या हिश्शाहून जास्त. त्यात काही इवले स्नायू असे की ते हाडावरून निघतच नाहीत, एका कंडरेवरून निघून दुसऱ्या बाजूच्या कंडरेत शिरतात. हे पाठ करण्यापेक्षा स्वतःच्या हातावर शोधत शिकावं. पेन धरताना, कुलूप उघडताना, जिलबी उचलताना कोण ताणलं गेलं, कोण सैल पडलं ते दुसऱ्या हाताने चाचपून पाहावं. ट्रेनमध्ये उभ्याने हे सहज होतं.

हाताने काही घडवण्याची सवयही याच वयात लावावी. तुटलेला किंवा वाकडा होत चाललेला हात आधारात ठेवायला थेरपिस्ट स्प्लिंट बनवते. त्यासाठीचं खास प्लॅस्टिक गरम पाण्यात टाकलं की मऊ होतं. ते बाहेर काढून, पुसून, रुग्णाच्या हातावर बसवून आकार द्यायला मोजकी मिनिटं मिळतात. तेवढ्यात तळहाताची खोलगट कमान राखायची, अंगठ्याला मोकळीक द्यायची, हाडाच्या उंचवट्यावर दाब पडू द्यायचा नाही. शिवणकाम, कुंभारकाम, सुतारकाम, काहीही आधी केलेलं असेल तर बोटं इथे बुजत नाहीत.

माणसांकडेही जावं लागतं. विशेष मुलांच्या शाळेत, वृद्धाश्रमात, दिव्यांगांच्या संस्थेत सुट्टीतले काही आठवडे नियमित जावं. मदत करायच्या घाईने मात्र जाऊ नये. एखादा मुलगा डब्याचं झाकण उघडायला झगडत असेल तर हात पुढे करण्याआधी पाहावं, तो कुठे अडतोय? बोटांत जोर कमी आहे, की दुसरा हात डबा धरत नाही, की झाकण फिरवायचं असतं हेच त्याच्या लक्षात आलेलं नाही? तीन कारणांचे तीन उपाय आहेत, आणि आपण झाकण उघडून दिलं तर तिन्ही कारणं झाकली जातात.

वाचायची सवय लागेल, आणि तीही परखड. शहरांत आज या पेशातलं खूपसं काम लहान मुलांसोबत चालतं. स्वमग्न मुलांना शर्टाच्या मागची पट्टी टोचते, मिक्सरचा आवाज असह्य होतो, हे खरं आहे. शरीराकडून येणाऱ्या अशा संवेदनांचा मेळ मेंदू कसा घालतो, याबद्दल जीन एअर्स यांनी १९७२ मध्ये पुस्तक लिहिलं आणि त्यातून एक अख्खी उपचारपद्धती उभी राहिली. तिच्या परिणामांबद्दल संशोधकांत आजही मतभेद आहेत. काळजीने पिचलेल्या आईवडिलांना मात्र कधीकधी ती हमखास उपाय म्हणून विकली जाते. विद्यार्थ्याने पहिल्या वर्षापासून संशोधन निबंध वाचायला शिकावं. ढोलाच्या प्रयोगात किती मुलं होती, कशाची कशाशी तुलना केली, हे विचारावं. ज्या गोष्टीचा पुरावा भक्कम आहे ती दिसायला साधी आहे: मुलाला जे करायचंय तेच, खऱ्या जागी, पुष्कळ वेळा, थोडं थोडं अवघड करत करू द्यायचं.

आणि खऱ्या जागा आपल्या आहेत. पुस्तकं बहुतेक टेबल-खुर्चीच्या देशांतली. त्यांत बाथटबमध्ये कसं उतरायचं ते असतं. उकिडवं बसून अंघोळ, भारतीय पद्धतीचं शौचालय, मांडी घालून जेवण, नऊवारीचा काष्टा, विळीवर चिरणं, चाळीचा जिना, भरलेल्या लोकलमध्ये चढणं हे त्यांत नसतं. गुडघा बदललेल्या आजींना “आता खाली बसू नका” असं सांगणं सोपं आहे. देवपूजेला त्या काय करतील, हे त्यांच्या घरी जाऊन पाहावं लागतं. मग चौरंगावरचे देव उचलून टेबलाच्या उंचीवर कसे आणायचे, याची बोलणी सुनेशी आणि देवाशी एकदमच करावी लागतात. महाराष्ट्रातल्या विद्यार्थ्याकडे असलेली ही शिदोरी फार मोठी आहे. ज्याने शेतावर, गोठ्यात, कारखान्यात माणसं काम करताना पाहिली आहेत, त्याला रुग्णाचं काम समजावून सांगावं लागत नाही. बोलीही उपयोगी पडते. वऱ्हाडातले काका किंवा मालवणच्या काकी आपल्या दुखण्याचं नेमकं वर्णन आपल्या बोलीतच करतात.

मनोविकाराच्या वॉर्डात जायला नव्या विद्यार्थ्यांना भीती वाटते. ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी इथे राज्याची प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत. वर्षानुवर्षं आत राहिलेल्या माणसाला पैसे मोजणं, बस पकडणं, दुकानदाराशी बोलणं पुन्हा शिकायचं असतं. दिवसाला घडी बसवून देण्याचं स्लॅगलबाईंचं काम इथे थेट उपयोगी पडतं. विद्यार्थ्याने ही पाळी टाळू नये. शरीराच्या वॉर्डातल्या रुग्णालाही मन असतं, ते ओळखण्याची नजर इथे तयार होते.

प्रत्यक्ष प्रशिक्षणात एक साधन हाती येतं, ते कॅनडात १९९१ मध्ये तयार झालं. रुग्णाला विचारायचं, कोणती कामं अडली आहेत. त्यांतली कोणती त्याला सगळ्यात महत्त्वाची वाटतात. प्रत्येक काम सध्या कितपत जमतं आणि त्यावर तो स्वतः किती समाधानी आहे, याला एक ते दहा गुण त्यानेच द्यायचे. काही आठवड्यांनी पुन्हा विचारायचं. गुण रुग्ण देतो, थेरपिस्ट नाही. नव्या विद्यार्थ्याला हे सोपं वाटतं आणि पहिल्याच दिवशी ते जमत नाही. समोर बसलेल्या काकांना काय काय अडत असेल, याची यादी त्याच्या डोक्यात तयार असते: चालणं, जिना, सही. काका म्हणतात, “मला हार्मोनियमचा भाता ओढायचाय. आमच्या भजनी मंडळात दुसरं कुणी वाजवत नाही.” मग वहीत भात्याचं काम सुटं करायला घ्यायचं. डावा हात, खांदा किती मागे, मनगट कसं, उजवा हात त्याच वेळी सुरांवर, बैठक मांडीची की खुर्चीची, आणि भजन किती वेळ चालतं ते काकांना विचारून घ्यायचं.